कवडशाच्या मापानं सूर्य

राजापूरजवळ आमच्या आजोळच्या घराला नळीची कौलं होती. दरवर्षी पावसाळ्याआधी कौलं चाळली तरी माकडांच्या उड्यांनी दोन-चार सरकायचीच. मे महिन्याच्या सुट्टीत भर दुपारी माजघरातल्या अंधारात वरून उन्हाच्या तिरप्या काठ्या उतरलेल्या दिसायच्या. त्यांत धुळीचे कण सावकाश फिरत असायचे आणि खाली सारवलेल्या जमिनीवर वाटीच्या बुडाएवढे कवडसे पडलेले असायचे. आजीला घड्याळ लागत नसे. एक ठरलेला कवडसा जात्याशी आला, की ती मावशीला हाक मारायची, "आधण ठेव गो, चहाची वेळ झाली."

कौलांमधल्या फटी वेड्यावाकड्या, तुटक्या कडांच्या. मग खाली पडणारा कवडसा गोल कसा, हा प्रश्न मला तेव्हा पडायचा, पण तो कुणाला विचारावा हे कळत नव्हतं. उत्तर खूप उशिरा मिळालं. त्या कवडशाचा आकार फटीचा नसतो, सूर्याचा असतो. आजीच्या माजघरात रोज दुपारी सूर्याची डझनभर चित्रं जमिनीवर उमटत होती आणि आम्ही ती तळहातावर झेलून खेळत होतो.

हे पटवून घ्यायला एक जुना पत्ता घ्या, खेळण्यातला. त्याच्या मधोमध मटाराच्या दाण्याएवढं चौकोनी भोक कापा, चौकोनी जमलं नाही तर तिकोनी. उन्हात पत्ता जमिनीपासून चार बोटांवर धरा. जमिनीवर उजेडाचा चौकोन दिसेल. पत्ता खांद्याच्या उंचीवर न्या. कोपरे बुजायला लागतात. आता जिन्यावर चढा आणि तीन मीटर उंचीवरून धरा. खाली गोल कवडसा पडतो, भोक चौकोनी असो की तिकोनी.

असं का होतं? उघडलेली कात्री डोळ्यांसमोर आणा. दोन्ही पाती मधल्या खिळ्याशी एकमेकांना ओलांडतात. एका बाजूला पात्यांमध्ये जेवढा कोन, तेवढाच दुसऱ्या बाजूला मुठींमध्ये. पत्त्यातलं भोक म्हणजे तो खिळा. सूर्याच्या वरच्या कडेकडून आलेला किरण भोकातून जाऊन खाली पडतो, खालच्या कडेकडून आलेला वर, डावीकडचा उजवीकडे. भोकाच्या पलीकडे सूर्याची उलटी, छोटी प्रतिमा तयार होते. भोक जवळ असेपर्यंत त्याचा स्वतःचा आकार वरचढ ठरतो. अंतर वाढलं की सूर्याचं चित्र मोठं होत जातं आणि भोकाचा आकार त्यात विरून जातो. आंब्याच्या झाडाखाली पानांच्या फटींतून पडणारे उजेडाचे गोल ठिपके हेही हेच. सूर्यग्रहण लागलं की ते सगळे ठिपके एकाच वेळी चंद्रकोरी होतात.

कौलारू घर आता फार थोड्यांकडे उरलं आहे. फ्लॅटमध्ये कवडसा हवा असेल तर आरसा घ्या, फणीसोबत मिळतो तेवढा छोटा पुरतो. त्यावर काळा कागद चिकटवा आणि कागदात ५ मिलिमीटरचं भोक ठेवा. आरसा गॅलरीत उन्हात टेकवून त्याचा झोत घरातल्या सगळ्यात लांबच्या, सगळ्यात अंधाऱ्या भिंतीवर टाका. आमच्याकडे गॅलरीपासून हॉल ओलांडून स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत ८ मीटर ६० सेंटिमीटर अंतर भरतं. भिंतीवर ८ सेंटिमीटरचा, पुसट कडेचा, शांत पांढरा गोल उमटतो. पहिल्यांदा तो दिसला तेव्हा मी बराच वेळ नुसता बघत राहिलो.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगतो. भोकातून सूर्याकडे बघायचं नाही आणि झोताच्या वाटेत डोळे आणून आरशात तर मुळीच बघायचं नाही. मुलं सोबत असतील तर आरशाजवळ एक मोठं माणूस उभं ठेवा. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल यांतलं काहीही सूर्याकडे बघायला चालत नाही. डोळ्याच्या पडद्याला दुखत नाही, त्यामुळे इजा होत असताना कळतही नाही. आपण सूर्याकडे पाठ करून सूर्य बघणार आहोत, आणि या प्रयोगाचं मोठं सुख तेच आहे.

आता टेप घ्या. आरसा ते भिंत हे अंतर मोजा आणि त्याला गोलाच्या व्यासानं भागा. गोल लांबट दिसत असेल तर त्याची अरुंद बाजू मोजा. अगदी पुसट कडेपर्यंत मोजलंत तर त्यातून भोकाची रुंदी वजा करा. ८६० भागिले ८, म्हणजे १०७ च्या थोडं वर. तुमचं घर लहान असो की मोठं, उत्तर १०७-१०८ च्या आसपासच येईल, कारण कात्रीच्या दोन्ही बाजूंचं प्रमाण एकच असतं. भिंतीवरचा गोल आरशापासून स्वतःच्या १०७ पट लांब आहे, तसाच खरा सूर्यही आपल्यापासून स्वतःच्या व्यासाच्या १०७ पट लांब आहे. सूर्याचं अंतर सुमारे १५ कोटी किलोमीटर धरलं तर भागाकार करून व्यास जवळपास १४ लाख किलोमीटर येतो. कवडसा फक्त प्रमाण सांगतो. १५ कोटींचा आकडा त्यातून निघत नाही. तो मिळवायला माणसांना १७६१ आणि १७६९ च्या शुक्राच्या अधिक्रमणांसाठी, म्हणजे शुक्र सूर्याच्या तबकडीवरून सरकताना बघण्यासाठी, जगभर प्रवास करावा लागला, आणि तो पक्का झाला तो १९६१ मध्ये शुक्रावर रडारचे तरंग आपटवून.

याच भिंतीवर टेपशिवाय हेच प्रमाण काढता येतं, आणि मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो. नीट बघितलंत तर गोल जागेवर थांबत नाही. आमच्या भिंतीवर तो मिनिटाला जवळपास ४ सेंटिमीटर सरकतो. पृथ्वीचं फिरणं उघड्या डोळ्यांनी दिसतं ते असं. गोलाच्या पुढच्या कडेशी पेन्सिलनं रेघ मारा आणि मोबाइलचं स्टॉपवॉच लावा. मागची कड त्या रेघेवर आली की थांबवा. कड पुसट असते, म्हणून दोन्ही वेळा अंधुक पट्टीचा मध्य धरा आणि चार-पाचदा मोजून सरासरी घ्या. वेळ २ मिनिटं ८ सेकंदांच्या आसपास येते, म्हणजे १२८ सेकंद. तेवढ्या वेळात सूर्य आकाशात स्वतःच्या रुंदीएवढा सरकला. पूर्ण फेरीला २४ तास, म्हणजे ८६,४०० सेकंद. त्याला १२८ नं भागलं की ६७५. आकाशाच्या एका पूर्ण वर्तुळात ६७५ सूर्य एकाला एक लावून बसतील. वर्तुळाचा परीघ त्रिज्येच्या ६.२८ पट असतो, आणि इथे त्रिज्या म्हणजे सूर्याचं आपल्यापासूनचं अंतर. ६७५ भागिले ६.२८ करा. पुन्हा १०७!

एकदा टेपनं आणि एकदा घड्याळानं, दोन अगदी वेगळ्या वाटांनी एकच आकडा हाती येतो तेव्हा होणारा आनंद पुस्तकात वाचून मिळत नाही. फक्त हे घड्याळाचं मोजमाप २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या आसपास करा. जून आणि डिसेंबरमध्ये सूर्याचं आकाशातलं रोजचं वर्तुळ लहान असतं, त्यामुळे त्याचं सरकणं मंद दिसतं आणि दहा-बारा सेकंद जास्त लागतात.

पुढचा प्रयोग धीराचा आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गोलाचा व्यास मोजून ठेवा. मग मेअखेरीला त्याच अंतरावर, त्याच भोकानं पुन्हा मोजा. खरं तर जुलैचा पहिला आठवडा सगळ्यात चांगला, पण तेव्हा आपल्याकडे ऊन कुठलं! आमच्या ८ मीटर ६० सेंटिमीटरवर फरक जेमतेम अडीच मिलिमीटरचा पडतो, पण पडतो. जानेवारीतला सूर्य मोठा. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असते आणि जुलैच्या सुरुवातीला १५ कोटी २१ लाखांवर. म्हणजे स्वेटर घालून बसतो तेव्हा आपण सूर्याच्या सगळ्यात जवळ असतो. ऋतू अंतरामुळे होतात हा समज इतका चिवट आहे, की मोठी शिकलेली माणसंही ते ठामपणे सांगतात. ऋतू होतात पृथ्वीच्या आसाच्या साडेतेवीस अंशांच्या कलामुळे, आणि भिंतीवरचे अडीच मिलिमीटर त्याची साक्ष देतात.

या फरकानं एके काळी मोठा वाद मिटवायला मदत केली आहे. इटलीत बोलोन्या शहरात सान पेत्रोनिओ नावाचं भव्य चर्च आहे. १६५५ मध्ये कॅसिनी या खगोलशास्त्रज्ञानं त्याच्या छतात सुमारे २७ मीटर उंचीवर एक भोक ठेवलं आणि खालच्या फरशीवर ६७ मीटर लांबीची दक्षिणोत्तर रेघ आखली. रोज माध्यान्हीला कवडसा त्या रेघेवर येई. आजीचं माजघरच, फक्त कित्येक पट उंच. कॅसिनी वर्षभर त्या कवडशाचा व्यास मोजत होता.

वाद काय होता ते पंचांग उघडून समजतं. पंचांगात सूर्याची रोजची गती दिलेली असते. जानेवारीच्या सुरुवातीला ती सुमारे ६१ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) असते आणि जुलैच्या सुरुवातीला ५७. सात टक्क्यांचा फरक. कॅलेंडरवर दिवस मोजले तरी हे दिसतं. २३ सप्टेंबर ते २१ मार्च १७९ दिवस होतात आणि २१ मार्च ते २३ सप्टेंबर १८६. जुनं म्हणणं असं, की वेग बदलत नाही, सूर्य जवळ आल्यामुळे तो वेगानं गेल्यासारखा दिसतो. खगोलशास्त्रज्ञ केप्लरचं म्हणणं, की वेग खरोखरच बदलतो. जुनं म्हणणं खरं असतं तर जानेवारीतला कवडसाही सात टक्क्यांनी मोठा भरायला हवा होता. भरतो फक्त साडेतीन टक्क्यांच्या आसपास. म्हणजे निम्मा फरक जवळ असल्याचा आणि उरलेला निम्मा खऱ्या वेगाचा. केप्लर बरोबर होता. आरशाचा तुकडा, पट्टी आणि घरातलं पंचांग एवढ्यावर हा निवाडा आज कुणालाही स्वतः करता येतो, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

आपल्याकडे जयपूरला सवाई जयसिंहानं १८व्या शतकात बांधलेल्या जंतरमंतरमध्ये षष्ठांश यंत्र आहे, तेही असंच. अंधारी खोली, वर भोक आणि भिंतीवर ६० अंशांची, म्हणजे वर्तुळाच्या सहाव्या भागाची कमान. दुपारी सूर्याची प्रतिमा त्या कमानीवरून सरकते. जयपूरला गेलात तर सम्राट यंत्र या तिथल्या प्रचंड सूर्यघड्याळापुढे फोटो काढून परत फिरू नका. त्याच्याच पोटातल्या या खोलीची चौकशी करा.

आता गच्चीवर चला. सावलीचे प्रयोग सगळ्यांना माहीत असतात: काठी रोवा, सावली मोजा. आपल्या ज्योतिर्विदांचा शंकू तोच. १२ अंगुळांच्या शंकूची विषुवदिनी माध्यान्हीला जेवढी सावली पडते, तिला पलभा म्हणतात. पुण्याची पलभा जवळपास नेमकी ४ अंगुळं भरते. अडचण अशी, की सावलीचं टोक धूसर असतं. सूर्य ठिपका नसून तबकडी आहे, म्हणून एक मीटर उंच काठीच्या सावलीचं टोक जवळपास एक सेंटिमीटरभर पसरतं. नेमकं कुठे मोजायचं? यावर उपाय पुन्हा कवडसाच. काठीच्या टोकाऐवजी एक मीटर उंचीवर भोक पाडलेला पुठ्ठा आडवा बांधा, भोकातून ओळंबा सोडून फरशीवर बरोबर खाली खूण करा आणि कवडशाच्या मध्यापर्यंत मोजा. गोलाचा मध्य डोळ्याला सहज सापडतो. काठी फरशीला काटकोनात रोवण्याच्या भरीस पडू नका. पाणी वाहून जावं म्हणून गच्चीला उतार दिलेला असतो आणि तो उतार मोजमापाचा पार विचका करतो. ओळंब्याला उताराशी देणंघेणं नसतं.

ही मांडणी झाली की पुणे आणि कोल्हापूर इथल्या दोन मित्रांना मिळून पृथ्वी मोजता येते. महाराष्ट्रात सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. तो शून्य सावलीचा दिवस गोव्याकडून उत्तरेला सरकत जातो: पणजीत २-३ मे, कोल्हापुरात ६-७ मे, पुण्यात १३-१४, मुंबईत १५-१६, नागपुरात २६ मेच्या आसपास. दुसरी फेरी जुलै-ऑगस्टमधली, ती बहुधा ढगांत जाते. वेळही घड्याळाच्या बाराची नसते. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशाची आहे आणि तिथून पश्चिमेला दर अंशाला सूर्य चार मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. मेमध्ये पुण्याची माध्यान्ह १२ वाजून ३१ मिनिटांच्या सुमारास, मुंबईची १२:३५ ला, नागपूरची १२:११ ला.

कोल्हापुरात ज्या दिवशी कवडसा ओळंब्याच्या खुणेवरच पडेल, त्या दिवशी पुण्यात तो खुणेपासून सुमारे ३.२ सेंटिमीटरवर पडेल. एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ ६२८ सेंटिमीटर. ६२८ भागिले ३.२ म्हणजे १९६. पुणे आणि कोल्हापूर जवळजवळ एका रेखांशावर आहेत, आणि त्यांच्यातलं सरळ दक्षिणोत्तर अंतर सुमारे २०० किलोमीटर आहे. साताऱ्यावरून जाणारा रस्ता जास्त भरतो, तो धरू नका, नकाशावर पट्टी ठेवा. १९६ गुणिले २०० म्हणजे पृथ्वीचा घेर सुमारे ३९ हजार किलोमीटर. खरा ४० हजार. कवडसा मोजताना एक मिलिमीटर चुकला तर उत्तर हजार-बाराशे किलोमीटरनं हलतं, म्हणून घाई करू नका. इ.स.पू. तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानानं अलेक्झांड्रिया आणि सायीन या शहरांमध्ये हेच केलं. त्याला वर्तुळाचा पन्नासावा भाग मिळाला होता.

चंद्राचा एकच प्रयोग सांगतो, कारण तो इतका सोपा असून क्वचितच कुणी करतं. शुक्ल अष्टमीच्या आसपास दुपारी चार वाजता अर्धा चंद्र पूर्वेकडच्या आकाशात वर आलेला असतो. पिंगपाँगचा पांढरा चेंडू घ्या, लिंबूही चालतं. हात लांब करून तो चंद्राच्या अगदी खाली, उन्हात धरा. चेंडू अर्धाच उजळतो, चंद्राच्या बाजूनंच, चंद्राएवढाच. चंद्राची कला म्हणजे पृथ्वीची सावली असं मानणाऱ्याला त्या क्षणी विचारा, की पृथ्वीची सावली आत्ता कुठे आहे? सूर्य पश्चिमेला वर आहे, म्हणजे सावली पूर्वेला क्षितिजाच्या खाली गेली. चंद्र तर वर आहे. अर्ध्या मिनिटात गैरसमज संपतो.

प्रमाणाची कल्पना यायला १०७ हाच आकडा पुन्हा वापरा. सूर्य म्हणजे ११ सेंटिमीटरचा सोललेला नारळ धरला, तर पृथ्वी होते खसखशीचा एक दाणा, नारळापासून १२ मीटरवर. गुरू हरभऱ्याएवढा, ६१ मीटरवर. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा या मापात तीन हजार किलोमीटरहूनही लांब जातो. मधे काहीच नाही.

२ ऑगस्ट २०२७ ला सूर्यग्रहण आहे. खग्रास पट्टा इजिप्तमधल्या लक्सरवरून जातो, महाराष्ट्रातून ते दुपार उलटल्यावर खंडग्रास दिसेल. आषाढ अमावास्या, म्हणजे दिव्याची अवस. आभाळ भरलेलं असण्याची शक्यता मोठी आहे, तरी आरसा आणि पुठ्ठा तयार ठेवा. ढगांच्या फटीतून दोन मिनिटं ऊन आलं तरी भिंतीवरची कोर पुरे.

आमच्या गच्चीच्या कठड्याला दीड वर्षापूर्वी मी एक भोकाची पत्रापट्टी कायमची बसवली. दर रविवारी बरोबर साडेबाराला कवडशाच्या मध्याशी ऑइलपेंटचा ठिपका देतो आणि शेजारी तारीख लिहितो. ठिपके एका रेघेत येत नाहीत, कारण सूर्य घड्याळ पाळत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो १६ मिनिटं पुढे असतो, फेब्रुवारीच्या मध्यावर १४ मिनिटं मागे. थोडं पृथ्वीच्या बदलत्या वेगामुळे, थोडं तिच्या कललेल्या आसामुळे. वर्षभरात फरशीवर इंग्रजी आठाचा लांबट आकडा उमटला, हातभर लांब आणि वीतभरही रुंद नाही. वॉटरप्रूफिंगची माणसं आली तेव्हा तेवढा पट्टा सोडायला सांगितला. आठाच्या दोन रेघा जिथे एकमेकींना कापतात, तिथे यंदा एप्रिलच्या मध्यावरचा ठिपका मागच्या ऑगस्टअखेरच्या ठिपक्यावर येऊन बसला, आणि दुसरी तारीख लिहायला जागाच उरली नाही.